छापखान्याची पायरी

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सर्वेक्षण कार्यालयाचे आदरणीय संचालक. ज्यांच्या हाताखाली मी आयुष्यातली पहिली खुंटी ठोकली, आणि ती वाकडी ठोकली म्हणून ज्यांनी ती उपटून मला पुन्हा ठोकायला लावली, ते आमचे निवृत्त मुख्य अभियंता आणि आजचे प्रमुख पाहुणे. माझं मानपत्र इतक्या मायेने लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या आखणी विभागाच्या प्रमुख बाई. मोजणी आणि नकाशा विभागातले माझे सारे सहकारी. माझ्याबरोबर उन्हात करपलेली मदतनीस मंडळी. माझी पत्नी, माझी मुलगी, आणि तिसऱ्या रांगेत खांबाच्या आडोशाला बसलेली माझी थोरली बहीण, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

ताई, तू जरा अलीकडच्या खुर्चीवर सरक. खांब मध्ये येतोय. समोरचा माणूस दिसल्याशिवाय आमच्या धंद्यात काम सुरू होत नाही. हां, आता दिसतेस.

मला दहा मिनिटं दिलेली आहेत. अध्यक्षांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय, तेही मी पाहिलंय. ते स्वतः माझ्या हाताखाली दोन वर्षं होते. त्यामुळे त्यांना ठाऊक आहे की हा गृहस्थ दहा मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस लावतो, आणि वर ऐकवतो की घाई केली असती तर चुकलो असतो. साहेब, आजही थोडा उशीर होईल. ते घड्याळ खिशात ठेवलंत तरी चालेल.

निवृत्त होणाऱ्याने नव्या मंडळींना चार अनुभवाचे बोल ऐकवायचे असतात. नव्या मंडळींनी ते ऐकल्यासारखं करायचं असतं. आपण दोघंही आपापलं काम करू. लोकांना वाटतं मोजणी म्हणजे मोजणी. टेप धरली, आकडा लिहिला, झालं. मुलगी लहान असताना शाळेत सांगायची, "माझे बाबा जमीन मोजतात." बाईंनी विचारलं, "कशाला?" ती म्हणाली, "ती तेवढीच आहे का, ते बघायला." चौतीस वर्षांत माझ्या कामाचं याहून बरं वर्णन मी ऐकलेलं नाही.

पहिली पाच वर्षं मी हद्दी मोजल्या. कुठलीही इमारत उभी राहायच्या आधी जमीन कुणाची आणि कुठवर, हे ठरावं लागतं. हद्दीच्या मोजणीत जमीन कमी आणि माणसं जास्त मोजावी लागतात. एका ठिकाणी दोन सख्खे भाऊ होते. थोरल्याने चहा आणला, धाकट्याने बिस्किटं आणली. मी भिडस्त माणूस, दोन्ही घेतलं. मोजणी झाली तेव्हा निघालं असं, की मधलं कुंपण दोघांच्याही जमिनीत नव्हतं, मागच्या शेजाऱ्याच्या जमिनीत होतं. पंधरा वर्षं एकमेकांशी अबोला धरलेले ते भाऊ त्या दिवशी पहिल्यांदा एक झाले आणि दोघांनी मिळून मला हाकलून दिलं. त्यानंतर मी चहा घरून नेऊ लागलो.

मग उंचसखलपणाची मोजणी. हे काम मला सगळ्यांत आवडायचं. मोकळी जमीन, कुठे चढ, कुठे उतार, कुठे पाणी साचेल, हे सगळं पावला-पावलाने टिपायचं, आणि सारख्या उंचीच्या जागा रेषांनी जोडायच्या. नकाशा पुरा झाला की कागदावरची ती टेकडी हातावरच्या रेषांसारखी दिसते. तिथे भांडायला कुणी नसतं. त्यानंतर येते आखणी, म्हणजे कागदावरची इमारत जमिनीवर उतरवायची, खुंट्या, दोऱ्या आणि चुन्याच्या रेघा. प्रमुख बाईंना माहीत आहे की आखणीवाल्याचा जन्माचा वैरी कोण. आपण सकाळभर खपून खुंटी ठोकायची आणि दुपारी खडीच्या गाडीने तिच्यावर खडी ओतायची. मुकादमाला विचारावं, तर तो शांतपणे म्हणतो, "जाते कुठे साहेब? खालीच असेल." आणि बांधून झाल्यावरची मोजणी तर विचारूच नका. जे ठरलं होतं आणि जे झालं, त्यातला फरक कागदावर मांडायचा. ठेकेदाराच्या चेहऱ्याकडे न बघता हे काम करावं लागतं.

या सगळ्यात माझ्याबरोबर एक माणूस होता. आज तो या खोलीत नाही. जुन्या लोकांना पट्टीदादा आठवत असतील. आकडे रंगवलेली चार मीटर उंचीची पट्टी धरून उभं राहायचं, हे त्यांचं काम. मी लांब तिपाईवरच्या दुर्बिणीतून त्या पट्टीवरचा आकडा वाचायचो. स्वतः दादा पाच फुटांच्याही आत होते. कुणी हसलं की म्हणायचे, "मी असेन बुटका, पण माझी पट्टी वर पोचलेली आहे."

आमची दोघांची एक रीत होती. मी आकडा वाचून मोठ्याने सांगायचा. दादांनी पट्टीवर त्या जागी पेन्सिल टेकवून तोच आकडा तिकडून परत म्हणायचा. मग मी तो वहीत लिहायचा. एकाने वाचलेला आकडा कच्चा, दुसऱ्याने परत म्हटला की पक्का. भर रस्त्यात आम्ही दोन मोठी माणसं एकमेकांना आकडे ओरडून सांगायचो. लोक वळून बघायचे. पण या रीतीमुळे माझी वही कायम स्वच्छ राहिली. बाईंनी आत्ता वाचलं ना, "चौतीस वर्षांत ज्यांच्या मोजणीत एकही चूक आढळली नाही", त्यातलं निम्मं श्रेय पट्टीदादांचं आहे. त्यांचं नाव कुठल्याच वहीत नाही. सही माझी असायची. तीन वर्षांपूर्वी ते गेले, आणि त्यांच्यासाठी आपण असा समारंभ केला नव्हता, हेही आज आठवतं.

त्या वाक्याबद्दल मला थोडं बोलायचंय. म्हणजे खरं सांगायचं तर त्याच एका गोष्टीबद्दल बोलायचंय, बाकीचं सगळं मी वेळ काढण्यासाठी बोललो.

पाचवी एक मोजणी असते, तिला आम्ही देखरेखीची मोजणी म्हणतो. कुठे खोल खड्डा खणायचा असला, तळघरं काढायची असली, की आजूबाजूची घरं खचत तर नाहीत ना, हे बघण्यासाठी त्यांच्या भिंतींवर खिळे मारायचे आणि दर आठवड्याला त्यांची उंची मोजायची. फार कंटाळवाणं काम. चांगलं चाललं असेल तर दर आठवड्याला एकच उत्तर येतं, शून्य. काही हललं नाही. या मोजणीत आपल्याला काही सापडू नये अशीच सगळ्यांची इच्छा असते, आणि इच्छा असली की डोळे तिच्या मागून जातात.

सोळा वर्षांपूर्वी अशी एक मोजणी माझ्याकडे आली. रस्त्याच्या एका बाजूला तीन तळघरांचा खड्डा, अकरा मीटर खोल. दुसऱ्या बाजूला सात जुनी विटांची घरं एका रांगेत, आणि रांगेच्या टोकाला बंद पडलेला एक छापखाना. त्या सातांपैकी तिसरं घर माझ्या बहिणीचं होतं.

ताई, तुला माहीत नव्हतं ना मी हे बोलणार? हिला माहीत होतं, तुझ्या शेजारी बसलीये तिला. सोळा वर्षं ती मला सांगतेय, बोलून टाका.

आमचे आईवडील लवकर गेले. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. ती शिवायची. शाळांचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, काय मिळेल ते. तिच्या मशीनच्या आवाजात मी परीक्षांचा अभ्यास केला. मशीन थांबलं की मला जाग यायची. पुढे भावोजी गेले, तरी खालच्या खोलीतली तिची दोन मशीनं चालूच राहिली. रस्त्याकडे मोठी खिडकी, खिडकीखाली कापायचं टेबल, आणि टेबलाच्या कडेला स्क्रूने बसवलेली एक लोखंडी पट्टी. ती पट्टी कशासाठी, असं मी लहानपणी विचारलं होतं. ताईने सांगितलं, "कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते. मग ती खोटं सांगायला लागते. म्हणून महिन्यातून एकदा टेप या पट्टीवर लावून बघायची." मी शिकलेला माणूस. मी हसलो होतो.

दर मंगळवारी मी आणि दादा त्या रस्त्यावर जायचो. उंची मोजायची तर कुठूनतरी सुरुवात करावी लागते. एक पक्की खूण लागते, जी हलत नाही असं आपण धरून चालतो. ती मी धरली छापखान्याच्या दगडी पायरीवर. तिथे पितळी खिळा मारला. तिथून सुरू करायचं, सातही घरांच्या पुढच्या भिंतींवरचे खिळे मोजायचे, परत पायरीवर यायचं. निघालो तिथेच परत आल्यावर वही जुळली, की झालं काम. माझी वही दर मंगळवारी जुळायची. शून्य. कधी एक मिलिमीटर, पुढच्या आठवड्यात पुन्हा शून्य.

तुमच्यापैकी जे या कामातले आहेत, त्यांच्या कपाळावर आत्ताच आठ्या आलेल्या मला इथून दिसतायत. जे नाहीत, त्यांना सांगतो. घरून निघून घरी परत आलो, तर वाट बरोबर होती एवढंच कळतं. घरच जागचं सरकलंय का, हे त्याने कसं कळणार? पक्की खूण खड्ड्यापासून लांब धरायची असते. हे पहिल्या वर्षी शिकवतात. मुख्य अभियंता साहेब, तुम्हीच मला शिकवलं होतंत. अर्धा किलोमीटरवर पाण्याची टाकी होती, तिच्या पायावर जुनी, भरवशाची खूण होती. पण टाकीपासून घरांपर्यंत उंची आणायची म्हणजे गर्दीच्या रस्त्यावर बारा वेळा तिपाई मांडायची. अर्धा दिवस जातो.

तिसऱ्या मंगळवारी दादा म्हणाले, "साहेब, एकदा टाकीवरून येऊ या का?"

मी म्हटलं, "वही जुळतेय ना, दादा?"

"जुळतेय. पण पायरी त्याच रांगेत आहे."

"दादा, ऐंशी वर्षांची दगडी पायरी आहे ती."

ते पुढच्या मंगळवारीही म्हणाले. त्याच्या पुढच्याही. साधारण आठ आठवडे ते विचारत राहिले, मग त्यांनी विचारणं सोडलं. त्यांनी विचारणं सोडलं, त्या दिवशी मला बरं वाटलं होतं.

आता, मी आळशी नव्हतो. तुम्ही म्हणाल, मग अर्धा दिवस का दिला नाही? कारण सांगायला लाज वाटते. बारा वाजता मोजणी संपली की दादा जेवायला घरी जायचे आणि मी ताईकडे जेवायचो. जेवण झालं की तिच्या कापडाच्या गठ्ठ्यांवर डोकं टेकून अर्धा तास डुलकी काढायचो. जोडीला मशीनचा आवाज. आठवड्यातला माझा सगळ्यांत सुखाचा अर्धा तास तो. टाकीवरून मोजणी आणली असती तर तो गेला असता. ते घर खाली जात होतं, मंडळी, आणि मी त्यात झोपत होतो.

दोन-अडीच महिने झाले असतील. मी आडवा झालो होतो. ताई म्हणाली, "अरे, पुढचं दार अडकतंय बघ. खालून घासतंय."

मी डोळेही उघडले नाहीत. म्हटलं, "लाकूड फुगलं असेल."

"हवा तर कोरडी आहे."

"ताई, मी मोजतोय ना? शून्य आहे."

मशीन थांबवून तिने विचारलं, "तू कुठून मोजतोस?"

"छापखान्याच्या पायरीवरून."

"आणि ती पायरीच हलली तर?"

मी हसलो. तेच लहानपणचं हसणं. म्हटलं, "ताई, तू तुझी टेप सांभाळ. दगड ताणला जात नाही." ती पण हसली, आणि मशीन सुरू झालं.

चौतीस वर्षांत माझ्या कामाबद्दल मला विचारलेला सगळ्यांत शहाणा प्रश्न तो होता. तो एका शिवणकाम करणाऱ्या बाईने विचारला, आणि मी कूस बदलून झोपलो.

शेजारी एक घड्याळजी राहायचे. त्यांच्या भिंतीला केसाएवढी चीर गेली होती. त्यांनी अर्ज लिहिला: खोदकाम थांबवा, बाहेरच्या माणसाकडून तपासणी करा. सह्या घेत ते ताईकडे आले. ताईने सही केली नाही. ती म्हणाली, "माझा भाऊच मोजतोय. काही असतं तर त्याने मला आधी सांगितलं असतं." हे तिने मला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. तिने केली नाही म्हणून बाकीच्या पाच घरांनीही केली नाही. एका सहीचा अर्ज कुठे जातो, ते सरकारी कामाचा अनुभव असलेल्यांना सांगायला नको.

बाविसाव्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, तिच्या शिवणाच्या खोलीची बाजूची भिंत वरपासून खालपर्यंत उभी तडकली आणि दारावरचा लाकडी पाट मशीनवर येऊन पडला. ताई त्या वेळी खिडकीपाशी सुईत दोरा ओवत होती. दोन हात अलीकडे असती तर आज त्या तिसऱ्या रांगेत... असो. पाणी देता का जरा?

धन्यवाद.

संध्याकाळपर्यंत सातही घरं रिकामी केली. दोन महिन्यांत पाडली. चौकशी समिती नेमली गेली. समितीपुढे जायच्या आदल्या रविवारी मी दादांच्या घरी गेलो. ते पायात चपला घालून निघाले. आम्ही टाकीवरून सुरुवात केली. बारा वेळा तिपाई मांडली. शेवटी छापखान्याच्या पायरीवर बसून मी बेरीज-वजाबाकी केली. अर्धा दिवस लागला, बरोबर तेवढाच.

पायरी खाली गेली होती. आणि पायरीबरोबर सातही घरांच्या पुढच्या भिंती, तितक्याच. खड्ड्याने सगळी रांग हळूहळू आपल्याकडे ओढली होती. मागच्या भिंती जागच्या जागी राहिल्या, म्हणून घरं मधून फाटली. मागच्या बोळात पट्टी उभी राहत नव्हती, म्हणून मागे मी एकही खिळा मारलेला नव्हता. खचणाऱ्या घराची उंची मी खचणाऱ्या पायरीवरून मोजत होतो. दोघंही बरोबरीने खाली चाललेले, मग फरक कुठून दिसणार? शून्य.

आकडा मी मोठ्याने म्हटला. इतक्या वर्षांची सवय. माझ्या शेजारी बसलेल्या दादांनी तो हळू आवाजात परत म्हटला. मग ते माझ्या पेनाकडे बघत राहिले. मी पेनाला टोपण लावलं. दादांनी परत म्हटलेला आणि मी न लिहिलेला, असा तो एकच आकडा.

दुसऱ्या दिवशी समितीने विचारलं, आधी काही हालचाल दिसली होती का? मी वही पुढे ठेवली. बावीस आठवड्यांची शून्यं. वही इतकी नीटनेटकी होती की समितीतल्या एका साहेबांनी माझं कौतुक केलं. घड्याळजी तावातावाने सांगत होते, दारं तीन महिने आधीपासून अडकत होती. मग समितीने ताईला विचारलं, तुमचं दार अडकत होतं का? ती म्हणाली, "अडकत होतं. पण माझा भाऊ म्हणाला, लाकूड फुगलंय." आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली.

निष्कर्ष निघाला की पाया जुना होता, गटाराचं पाणी मुरलं, जमीन एकाएकी बसली; खोदकामाचा संबंध नाही. सात कुटुंबांचं कुणी काही देणं लागत नव्हतं. माझी शून्यं त्यांच्या विरुद्धचा पुरावा झाली. नोकरी जाईल, परवाना जाईल, कार्यालयाचं नाव जाईल, अशी कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. कारणं काय, पैशाला पासरी मिळतात.

ताई आता तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहते. दुसऱ्या मशीनला जागा नव्हती, ते तिने देऊन टाकलं. एक स्वयंपाकघरात आहे, ओट्याच्या कोपऱ्याला. तिने मला एका शब्दाने कधी काही विचारलं नाही. पण घराबाहेर पडताना ती दार दोनदा उघडून, दोनदा लावून बघते. ते दार अगदी व्यवस्थित लागतं. दर वेळी मी जिन्यात उभा राहून ते बघतो.

आज हे का सांगतोय? झाकली मूठ होती, तशीच घेऊन घरी गेलो असतो. मुख्य म्हणजे तुमचा चांगला कार्यक्रम बिघडला नसता. त्याला कारण हा माझ्या अंगातला कोट. हा ताईने शिवलाय. गेल्या आठवड्यात मापं घ्यायला मी तिच्याकडे गेलो. मानपत्राचा मसुदा हिने तिला वाचायला दिला होता. ताईने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, ते वाक्यही वाचलं, आणि म्हणाली, "छान लिहिलंय." मग टेप घेतली. माझ्या खांद्याला लावायच्या आधी तिने ती ओट्याच्या कडेला बसवलेल्या लोखंडी पट्टीवर ठेवून पाहिली. तीच पट्टी. पडलेल्या घरातून तिने काय काय आणलं असेल, तर स्क्रू काढून ती आणली होती. टेप बरोबर निघाली. मग तिने माझं माप घेतलं. मला तिथे उभं राहवेना. पण हलूही शकत नव्हतो, माप चालू होतं.

अध्यक्ष महाराज, ही ती वही. बावीस आठवड्यांची. त्या रविवारचा आकडा मी त्यात अजून लिहिलेला नाही, शेवटचं पान कोरंच आहे. मी निवृत्त झालो असलो तरी सहा वाजेपर्यंत कामावर आहे. समितीचा अहवाल पुन्हा उघडायचा असेल तर त्याला लागणारं निवेदन मी सही करून तुमच्या टेबलावर ठेवलंय, फुलांच्या गुच्छाखाली. घड्याळजींचा मुलगा अजून याच शहरात आहे. त्यालाही प्रत पाठवलीये. आणि बाई, तुमचं अक्षर फार सुरेख आहे, पण मानपत्रातलं ते वाक्य खोडावं लागेल. तुम्ही आज भेट दिलेला हा पितळी ओळंबा मात्र मी ठेवून घेतो, तुमची हरकत नसेल तर. घरात शोभेल म्हणून नव्हे. माझ्या टेबलावर मला तो दिसत राहावा म्हणून.

नव्या मंडळींना चार बोल ऐकवायचे राहिले. एकच ऐकवतो. हलत नाही असं तुम्हाला ज्याबद्दल अगदी पक्कं वाटतं, आधी ते मोजा. आणि कुणी "टाकीवरून येऊ या का" म्हणालं, तर उठा.

आता आभार. आपण सगळे आलात, इतकं प्रेम दिलंत, माझं शेवटपर्यंत ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही, त्याबद्दल मी सर्वांचा मनापासून ऋणी आहे. पत्नीने सोळा वर्षं माझं गप्प राहणं सोसलं, तिचे आभार मानायला शब्द शोधावे लागतील. पट्टीदादांचे मानायला तर उशीरच झाला.

बोलणं संपवताना वक्ता म्हणतो, काही चुकलंमाकलं असेल तर उदार मनाने पदरात घ्या. मला "असेल तर" म्हणायची सोय नाही. चुकलं. क्षमा मागतो, पण ती इतक्या लोकांसमोर मागून तुला अडचणीत टाकायचं नाहीये, ताई. ती तू सावकाश दे, किंवा देऊ नको. तुझा राग रास्त आहे.

तुझ्याकडून मला आज दुसरंच काही हवंय. वही उघडी आहे, पेनाचं टोपण काढलंय. आमची रीत तू खिडकीतून बावीस मंगळवार ऐकलेली आहेस. मी वाचतो.

तुझं घर, पुढची भिंत: खाली, एकतीस मिलिमीटर.

...

बसूनच म्हण ताई, उठू नकोस.

...

हो. एकतीस. लिहितो.